रस्त्याकडची काच

चंद्रभागाबाईंची पहिली तिन्ही लेकरं पाळण्यातच गेली. चौथं झालं तेव्हा सुईणीनं त्याला उचललं, परसातल्या उकिरड्यावर नेऊन लोळवलं आणि चार घरांना ऐकू जाईल असं ओरडली, "कुनी टाकून दिलं गं हे घाणेरडं पोरगं? न्या कुनाला पाहिजे तर!" मग चंद्रभागाबाईंच्या सासूनं ओंजळभर ज्वारी देऊन ते 'टाकलेलं' पोर विकत घेतलं. नाव ठेवलं उकंडा. जे उकिरड्यावरचं आहे त्याच्याकडे मरण कशाला वळून बघेल?

आणि पोरगं जगलं. आमच्याकडे अशी नावं घरोघरी आहेत, पण बहुतेकांच्या आया बारसं झालं की तो प्रकार विसरून जातात. चंद्रभागाबाई विसरल्या नाहीत. उकंडा रांगायला लागला, चालायला लागला, तरी त्याच्या गालावर चुलीतल्या काजळीचा फराटा असायचाच. सणावाराला शेजारच्या बायका आपली पोरं नटवायच्या, ही बाई आपल्या पोराला फाटकी बंडी घालायची. "घाणीनंच वाचलं माझं," म्हणायची. पुढे तो मोठा झाला, हिंगोलीत बाजाराच्या रस्त्यावर त्यानं तसबिरींचं दुकान टाकलं, डोंगरकड्याची अनुसया त्याची बायको होऊन घरात आली, तरी चंद्रभागाबाईंच्या मनात ते वाक्य खुंटीला टांगल्यासारखं कायम होतं.

मी त्यांच्या शेजारी राहायला गेले ते बऱ्याच वर्षांनी. हे सगळं मी सासूच्या आणि सुनेच्या तोंडून ऐकलं, ज्वारी निवडताना, शेवया वळताना, तुकड्यातुकड्यांनी. दोघींची हकीकत जुळते. फक्त चूक कोणाची आणि शहाणपण कोणाचं, हे दोघी वेगवेगळं सांगतात.

पुढच्या बाजूला दुकान आणि मागे घर, अशी ती जागा. उकंडराव देवादिकांच्या चित्रांना काच आणि चौकट बसवून द्यायचा. काच कापण्यात हात असा बसलेला की उरलेल्या तुकड्यांतून त्यानं एक दिवस पत्र्याच्या पट्ट्या आणि सांधे बुजवायचं लुकण वापरून काचेचा चौकोनी हौद केला. हैदराबादला काच आणायला गेला तेव्हा पितळी कळशीत पाच लाल मासे घालून आगगाडीनं घेऊन आला. हौद दुकानाच्या कट्ट्यावर बसला. त्याची एक लांब काच रस्त्याकडे, एक आत घराकडे. वर लाकडी फळी.

रस्त्यानं जाणारा येणारा थांबायचा. समोरच्या घरातल्या द्वारकाबाई तर रोज संध्याकाळी ओट्यावर येऊन ओरडायच्या, "उकंडा, पोसून काय करायलास रे? तळ की एखादा!" उकंडराव हसायचा. चंद्रभागाबाई मात्र आतून बिब्बा आणि काळा दोरा आणून हौदाच्या कोपऱ्याला बांधायच्या. एवढ्या नजरा एका जागी पडायच्या, त्यांचा जीव वरखाली व्हायचा.

हौदाचं सगळं उकंडराव स्वतः करायचा. दर बाजाराच्या दिवशी सकाळी तो पाणी बदलायचा, काचा पुसायचा. गल्लीला ते पाठ झालं होतं. हौद लखलखला की बाजाराचा दिवस.

अठ्ठेचाळीस सालचा उन्हाळा. निजामाचं राज्य, रझाकारीचे दिवस. कोणाच्या घरात काय सापडेल आणि त्याचं काय होईल, याचा नेम नव्हता. उकंडरावानं कोणा पुढाऱ्याच्या चित्राला चौकट बसवून दिली होती. एकच चित्र, तेही जुन्या गिऱ्हाइकाच्या भिडेखातर. पण ते चित्र कुठंतरी झडतीत सापडलं आणि चौकट कोणाच्या हातची ते ओळखायला वेळ लागला नाही. त्याला काच पुरवणारे हैदरभाई भरदुपारी धापा टाकत आले. "उकंडराव, आजच निघा. पैनगंगेच्या पार व्हा, वऱ्हाडात. मैं कुछ नहीं बोला, तुम कुछ नहीं सुने."

भाकरी बांधायलाही वेळ नव्हता. उकंडरावानं पायात वहाणा घातल्या, आईच्या पायाला हात लावला आणि जाता जाता हौदाकडे बघून म्हणाला, "माशायला सांभाळ, माय. मी आल्यावर पाणी बदलतो."

तेवढंच बोलला. आणि चंद्रभागाबाईंनी ते शब्द गाठीशी बांधले.

माणूस गावाला गेलं की मागं लगेच केर काढायचा नाही, नाहीतर ते माणूस झाडल्यासारखं दूर जातं. हे आपल्याकडे सगळेच पाळतात. त्या दिवशी अनुसयानं केरसुणीला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी घर झाडलं. पण हौदाकडे ती फडकं घेऊन गेली तशी सासूनं मनगट धरलं.

"ते न्हाई. त्याच्या हातचं पाणी हाय ते. तो येऊन बदलील."

"कवा येतील काय माहीत, आत्याबाई."

"म्हणून तर. त्याचं पाणी फेकलं तर तो कशाला येतोय?"

दुकानाच्या फळ्या त्या रोज उघडायच्या. बंद ठेवलं की लोक विचारतात. कोणी पुसलं तर, "हैदराबादेला काच आणाया गेलाय." आणि रोज सकाळ-संध्याकाळ कणकेच्या बारीक गोळ्या करून, एकेक गोळीला रामाचं नाव घेऊन त्या हौदात सोडायच्या. माशांना गोळ्या घातल्या की पुण्य लागतं. लेकाच्या वाट्याचं पुण्य त्या घालत होत्या. जितकी काळजी जास्त, तितक्या गोळ्या जास्त.

मासे किती खाणार? उरलेली कणीक तळाशी बसली, आंबली. पाणी आधी गढूळ झालं, मग हिरवं. काचांवर शेवाळ चढलं. चंद्रभागाबाईंना ते बघून बरंच वाटलं. रस्त्यावरून आता मासे दिसत नव्हते, म्हणजे नजर लागायचा प्रश्नच मिटला. घाणीनं उकंडाला वाचवलं, घाणच त्याच्या माशांना वाचवील.

आषाढ लागला तसा हौदाला वास यायला लागला. मासे वर येऊन तोंडं उघडी टाकून हवा ओढू लागले. त्यांच्या अंगावर कापसासारखे पांढरे ठिपके आले, शेपट्यांच्या कडा जुन्या लुगड्यासारख्या विरल्या. सगळ्यात लहान मासा एका सकाळी उलटा तरंगताना दिसला. चंद्रभागाबाईंनी तो ओंजळीत घेतला, तुळशीपाशी पुरला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी हळद टाकली. जखमेला हळद, म्हणून चांगली मूठभर. पाणी पिवळं झालं, माशांचे कल्ले भरले, आणखी एक गेला.

मग अनुसयाला राहवेना. सासू नागनाथाच्या देवळाला गेलेली बघून तिनं कंबर कसली. उरलेले तीन मासे घागरीत काढले, हौद सगळा उपसला, विहिरीचं गारढोण पाणी शेंदून भरलं आणि मासे त्यात सोडले. ते तीरासारखे इकडून तिकडे धावले. मग एक कुशीवर पडला आणि चंद्रभागाबाई परत यायच्या आत संपला.

चंद्रभागाबाईंनी स्वच्छ हौद पाहिला. मेलेला मासा पाहिला.

"धुतलंस," एवढंच म्हणाल्या.

"आत्याबाई, मला वाटलं..."

"त्याचं पाणी वतलंस तू. समदं वतलंस?"

अनुसयानं मान डोलावली, मग घाईनं म्हणाली, "न्हाई न्हाई, घागरीत हाय थोडं. मासे काढले होते त्यात." चंद्रभागाबाईंनी ती घागर दोन्ही हातांनी उचलली आणि तेवढं घाण पाणी परत हौदात ओतलं. समोरच्या ओट्यावरून द्वारकाबाईंचा आवाज आला, गल्लीभर गेला.

"काय गं चंद्रभागा, आज हौद चमकायला लागला? उकंडा आला वाटतं रातीतून!"

द्वारकाबाईंच्या मनात काही काळं नव्हतं, जीभ तेवढी मोकळी. पण ते वाक्य रस्त्यावर पडलं होतं आणि रस्त्यावर त्या दिवसांत कोणाचे कान असतील सांगता येत नव्हतं. हौद लखलखला म्हणजे उकंडा घरी, हे गल्लीला पाठ. एकदा का असं वाटलं की तो चोरून येतो, तर घरावर पाळत बसणार. आणि खरंच कधी तो आला तर सरळ त्यांच्या हातात सापडणार.

"सून हाय न ही!" चंद्रभागाबाई ओरडल्या. "एक मासा मारून ठेवला बघ धुता धुता!"

"आगं बया!" द्वारकाबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

त्या दिवसापासून हौदाला कोणी हात लावायचा नाही असं ठरलं. पुन्हा गोळ्या, पुन्हा शेवाळ. श्रावणात पाणी पहिल्यापेक्षा घट्ट झालं. दोन मासे उरले होते. दोघांच्या शेपट्या झडत होत्या.

आणि एका दुपारी बाजारातून बातमी आली. पैनगंगेला पूर आला, पार होताना एकजण वाहून गेला. कोण, ते कोणालाच नक्की माहीत नव्हतं. कोणी म्हणे कळमनुरीकडचा होता, कोणी म्हणे हिंगोलीचा, काचेचं काम करणारा.

चंद्रभागाबाई ऐकून घरात आल्या आणि तडक हौदाकडे गेल्या. फळी उचलली. मोठा मासा तिरपा झाला होता. एक कल्ला तेवढा हलत होता. त्या तिथंच खाली बसल्या.

"ह्यो गेला की तो गेला," त्या म्हणाल्या. "मला माहीत हाय."

रडायच्या ऐवजी अनुसयाला रागच आला. डोंगरकड्याची पोर, तोंडानं फटकळ. ती सासूपुढे उकिडवी बसली.

"आत्याबाई, एक इचारू? त्येंना उकिरड्यावर लोळवलं, मग तितंच ठेवलं का?"

"काय बोलून राहिलीस?"

"ठेवलं का तितं? रातभर? शेणात?"

"येडी का खुळी तू! लगोलग उचललं. ओंजळभर ज्वारी दिली सासूनं आन्‌ आत आणलं."

"मग काय केलं आत आणून?"

चंद्रभागाबाईंनी फळी परत हौदावर ठेवली.

"सांगा की. तसंच पाजलं? शेणानं भरलेलं?"

"धुतलं," चंद्रभागाबाई हळूच म्हणाल्या. "कोमट पाण्यानं धुतलं. दार लावून."

"आन्‌ गालाला काजळी?"

"ती भाहेर न्यायच्या आधी." त्यांचं लक्ष आता सुनेकडे नव्हतंच. "रोज धुयाची मी त्याला. रोज. दार लावून. अंगाला तेल लावायची, धुयाची, पुसायची. मग भाहेर जाताना वरून काजळी."

मग चंद्रभागाबाई उठल्या. मला हे सांगताना अनुसयाबाई नेहमी म्हणतात, "उठल्या त्या बाळंतिणीच्या खोलीत शिरावं तशा उठल्या."

त्यांनी चुलीवर पाणी ठेवलं. रांजणातल्या शिळ्या पाण्यात ते कढत पाणी थोडं थोडं मिसळलं आणि प्रत्येक वेळी कोपर बुडवून बघितलं, तान्ह्याच्या आंघोळीला बघतात तसं. अनुसया सगळा हौद उपसायला निघाली तर तिला अडवलं. "समदं न्हाई. निम्मं राहू दे. त्याचं हाय ते." परसातल्या पपईचा लांब पोकळ देठ अनुसयानं तोडून आणला. त्याचं वरचं तोंड अंगठ्यानं दाबायचं, तळाशी नेऊन अंगठा सोडायचा, की गाळ देठात चढतो. पुन्हा अंगठा दाबून बाहेर बादलीत सोडायचा. गावाकडे तेलाच्या डब्याच्या तळाचं तेल असंच काढून बघतात. आंबलेली कणीक, हळदीचा थर, माशांची घाण, सगळं काळं काळं बादलीत आलं. वासानं अनुसयाला ओकारी यायची.

"नाक धरू नको," सासू म्हणाली. "लेकराचं काढताना धरतीस का?"

"लेकरू होऊ द्या तर आधी!" अनुसया म्हणाली आणि कितीतरी दिवसांनी दोघींना हसू फुटलं.

आतल्या बाजूची काच आणि आखूड बाजूंच्या काचा पुसल्या. रस्त्याकडची काच मात्र चंद्रभागाबाईंनी राखली. तिच्यावरचं शेवाळ तसंच. एक बोटही लागू दिलं नाही. ती काजळी.

मग मडक्यातून खडे मीठ काढलं. मीठ तेव्हा नाकेबंदीनं मिळेनासं झालं होतं, लोक आळणी खात होते. घरात होतं ते तळाचंच. अनुसया बघत राहिली.

"ते बी?"

"शेपट्या फाटल्यात. जखमेला मिठाचं पाणी लागतं. हळद चुकली माझी, मीठ न्हाई चुकायचं." त्यांनी मीठ वाटीत विरघळवून कडेकडेनं सोडलं. त्या आठवड्यात दोघींनी अंबाडीची भाजी मिठावाचून खाल्ली. आणि कणकेच्या गोळ्या बंद. रामाचं नाव त्या आता मोकळ्या हातानं घ्यायच्या.

रोज थोडं काढायचं, थोडं घालायचं. दुकानाच्या फळ्या लावून दुपारी, गल्ली जेवून पडलेली असताना. मोठा मासा दोन दिवस तिरपाच राहिला. चंद्रभागाबाई फळी उचलून बघायच्या, परत ठेवायच्या, परत उचलायच्या. तिसऱ्या दिवशी तो सरळ झाला. अंगावरचा कापूस विरळ व्हायला लागला. अनुसयानं आतल्या काचेवर टिचकी मारली की दोघे जवळ यायचे.

अशाच एका दिवशी पावसाची बारीक भुरभुर चालली होती. काम आटपून, फळ्या उघडून त्या बसतात न बसतात तोच हातात काठी घेतलेला एक माणूस कट्ट्यावर चढला. मागं दुसरा रस्त्यातच उभा राहिला. घाणीची बादली अजून हौदाशेजारी होती. अनुसया दारात.

"क्या माई, बेटा किधर है?"

"हैदराबादेला गेलाय. काच आणाया."

"चार महीने से काच ला रहा?" तो हसला. मग हौदाकडे वळला. "ये वोच हौद है ना? सुना है पानी वोच बदलता."

रस्त्याकडच्या काचेपाशी तो वाकला. हिरव्या थराशिवाय काही दिसलं नाही. त्यानं काठीच्या टोकानं काचेवर टकटक केलं. टिचकी ऐकली की मासे येतात. आतल्या स्वच्छ काचेतून तिला दिसलं, दोघेही सुळकन्‌ त्या आवाजाकडे गेले, शेवाळाला तोंडं लावून उभे राहिले. मधे फक्त ते हिरवं. तो माणूस एक पाऊल आत आला असता, वरून डोकावला असता, तर ताजं पाणी, धुतलेली काच, जिवंत मासे, सगळं दिसलं असतं.

त्यानं ते पाऊल उचललंही.

"या की, दादा, या," चंद्रभागाबाई म्हणाल्या आणि बादली उचलून सरळ त्याच्या पायांपुढे ठेवली. "बरं झालं आलात. हे बघा हाल. लेक गेला तसं कुनी पाणी बघंना. आमाला बायांला उचलंना. एवढी बादली वढ्यात वतून द्या, पुण्य लागंल. खाली मेलेले बी असतील, हात घालून बघा."

पाऊस पडलेली हवा, त्यात तो वास. माणसानं नाकाला रुमाल लावला आणि मागं सरला.

"सड़ गया पूरा," तो रस्त्यातल्या सोबत्याला म्हणाला. "यहाँ कोई नहीं आता." आणि दोघे चालू पडले.

चंद्रभागाबाई वळणापर्यंत त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग कट्ट्यावर बसल्या. समोरून द्वारकाबाईंनी मान बाहेर काढली.

"काय म्हणत व्हता गं मुडदा?"

"मासे मागत व्हता," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "तळायला."

वाहून गेलेला माणूस कोण, ते मात्र कळलं नाही. श्रावण सरला, पोळा झाला, गौरी आल्या आणि गेल्या. मासे जगले होते, शेपट्यांना पारदर्शक नवी कड फुटत होती, तरी रात्री चंद्रभागाबाईंचा डोळा लागत नव्हता. पितरपाठ लागायच्या बेतात गावात एकाएकी गलका झाला, फौज आली, राज्य बदललं, लोक रस्त्यावर आले. पलीकडे गेलेली माणसं परतायला लागली. कोणी आज, कोणी उद्या. उकंडराव नाही. पितरपाठ लागला. द्वारकाबाईंनी एकदा दबक्या आवाजात विचारलं, "चंद्रभागा, त्याचं काही..." म्हणजे पान वाढायचं का.

"माझे दोन जिवंत हायेत," चंद्रभागाबाई म्हणाल्या. द्वारकाबाईंना अर्थ लागला नाही.

तो आला तो भरदुपारी. दाढी वाढलेली, अंगावरच्या सदऱ्याचा रंग ओळखू येईना, गुडघ्यापर्यंत चिखल. कट्ट्यावर चढला आणि आईला हाक मारायच्या आधी त्याची नजर हौदाकडे गेली. हिरवीगार, बरबटलेली काच. त्याचा चेहरा उतरला.

"मेले व्हय, माय?"

चंद्रभागाबाईंनी नुसतं आतल्या बाजूला बोट दाखवलं. तो आत आला, वाकला. दोन लाल मासे वळून त्याच्याकडे आले.

"पाणी कोणी बदललं?"

सासूनं सुनेकडे बोट केलं. सुनेनं सासूकडे.

"निम्मं तुझंच हाय त्यात," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "निम्मं ठेवलंय मी."

उकंडरावानं खांद्यावरचं फडकं काढलं आणि सवयीनं रस्त्याकडची काच पुसायला हात नेला. आईनं तो हात वरच्यावर धरला, तसाच त्याला ओढत परसात नेला, दगडावर बसवलं. चुलीवरचं पाणी बादलीत ओतलं, गार मिसळलं, आणि त्यात कोपर बुडवून बघत अनुसयाला म्हणाल्या, "दार लाव."